अकरा जंतांचे वाटे

पीयूषला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझ्या बायकोला जंत दाखवत होता. काचेच्या बशीत बोटाच्या पेराएवढा जंत, बशीवर वाकलेली दोन डोकी, आणि चंद्रकांता हसत होती. नऊ वर्षांच्या संसारात मी साड्या आणल्या, पैंजण आणले, एकदा तर नागपूरहून मिक्सर खांद्यावर घेऊन आलो. पण त्या जंताकडे पाहून ती जशी हसली तशी माझ्याकडे पाहून कधी हसली नव्हती. तेव्हापासून तो माणूस माझ्या डोळ्यांत सलतो.

मी भोजराज. सौंदडला आमची धानाची शेती आहे, तलावाच्या पाण्यावरची. तो तलाव बांधताना आमच्या पणज्यानं माती वाहिली असं घरात सांगतात, आणि खरं-खोटं कोणी तपासलेलं नाही. मी बारावी झालो आणि थांबलो. चंद्रकांता एम.एस्सी. होऊन माझ्या घरी आली. पाहायला गेलो तेव्हा तिनं एकच विचारलं होतं, पुढे शिकू द्याल का. मी मोठ्या मनानं म्हटलं, शीक. तेव्हा मला पीयूषची कल्पना नव्हती.

ती गोंदियाच्या एका कॉलेजात पीएचडी करते. विषय शेळीच्या पोटातले जंत. हा जंत शेळीचं रक्त पितो. शेळी खंगते, गळ्याखाली सूज येते आणि एक दिवस बसली की उठत नाही. औषध पाजलं की पूर्वी जंत पडायचे, आता बऱ्याच गावांत पडत नाहीत. चंद्रकांताला शोधायचं होतं की एका गावचे जंत दुसऱ्या गावच्या जंतांपेक्षा वेगळे असतात, की बाजारात विकलेल्या शेळीबरोबर तेही गाव बदलतात. औषधाला न जुमानणारा जंत एका गावात तयार झाला तर तो कुठवर पोचेल, हे त्यावरून कळणार होतं. त्यासाठी प्रत्येक जंताचा डीएनए काढायचा आणि त्याचा ठसा घ्यायचा. माणसाच्या अंगठ्याचा असतो तसाच. दोन जंतांचे ठसे कधी तंतोतंत जुळत नाहीत, असं ती म्हणायची. हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं होतं. एकदाही नीट ऐकलं नव्हतं.

जंत ज्या जनावराच्या पोटात राहतो त्याला शास्त्रात यजमान म्हणतात. हे मला कळलं त्या दिवशी मी जेवताना एक पोळी कमी खाल्ली.

पीयूष तिच्याच सरांकडे काम करायचा, तिच्याहून तीन-चार वर्षांनी लहान, राहणारा गोंदियाचा. उंच, चष्मेवाला, हिंदीत सुरू करून मराठीत संपवणारा. तो तिला दीदी म्हणायचा. लोकांना वाटेल, मग काय राहिलं. मला वाटायचं, माणूस हुशार आहे, आधीच बंदोबस्त करून ठेवला. चंद्रकांता रोज सकाळच्या गाडीनं गोंदियाला जायची आणि संध्याकाळच्या गाडीनं यायची. आल्यावर चहा पिताना पीयूषचं नाव किती वेळा घेते ते मी मोजायचो. एका मंगळवारी नऊ वेळा घेतलं. डब्यात दोन पोळ्या जास्त जायला लागल्या, कारण पीयूष डबा आणायचा विसरतो. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा माणूस रोज डबा कसा विसरतो, हे मी तिला विचारलं.

"त्याची माय आजारी राहते जी," ती म्हणाली. "तुम्ही काऊन त्याच्या पोळ्या मोजून राहिले?"

मी मोजत नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिसरी पोळी गेली.

मग गावोगावचे जंत गोळा करायची वेळ आली. पाच गावं ठरली होती, त्यात आमचं सौंदड होतं आणि जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचं, जंगलातलं सालेकसाही होतं. रविवारी मटणाच्या दुकानावर जायचं, कापलेल्या शेळ्यांच्या पोटाचा चौथा कप्पा मागून घ्यायचा, मिठाच्या पाण्यात धुवायचा, चिमट्यानं जंत वेचायचे आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायचे. प्रत्येक गावचे वीस जंत, वीसही नर. मादीच्या पोटात अंडी असतात, अंड्यांत बापाचाही डीएनए येतो आणि ठशात मिसळ होते. मला हे सगळं पाठ झालं होतं, कारण ती पीयूषशी फोनवर बोलायची तेव्हा मी शेजारी बसून पेपर वाचायचो.

"रविवारी मी अन् पीयूष जाऊन येतो," ती म्हणाली. "पयले सालेकसा, मंग बाकीचे."

म्हणजे गोंदियाहून गाडी, तिथे दिवसभर, परतीची गाडी. दोघंच.

"तुले कायले एवढी धावाधाव," मी म्हटलं. "मी आणतो ना. मटणवाल्यांशी बोलणं बाईमाणसाचं काम होय का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि खरं सांगतो, त्या वेळी ती हसली. जंताकडे पाहून हसली होती जवळजवळ तशीच. तिला वाटलं, नवऱ्याला तिच्या कामाची गोडी लागली. तिनं मला शिकवलं. नर कसा ओळखायचा, चिमटा कुठे धरायचा. वेचताना एखादा तुटला तर घाबरू नका म्हणाली, तुकडा असला तरी ठसा निघतो. बाटलीत टाकायच्या चिठ्ठ्या तिनं पेन्सिलीनं लिहिल्या, कारण स्पिरिटात शाई उडते आणि पेन्सिल राहते. गाव, तारीख, शेळी किती, जंत किती, आणि शेवटच्या ओळीत जमा करणार: भोजराज. तिच्या वळणदार अक्षरात माझं नाव, शास्त्राच्या कागदावर. लग्नपत्रिकेनंतर माझं नाव कुठे छापून आलं नव्हतं. ती चिठ्ठी मी खिशात घालून दोन दिवस फिरलो.

पहिली तीन गावं मी इमानदारीनं केली. पहाटे उठून गेलो, मटणवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, एकेका दुकानात दोन-दोन तास पाण्यात हात घालून बसलो. चंद्रकांतानं बाटल्या उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाली, पीयूषलाही इतके साफ नाही जमत. त्या एका वाक्यावर मी आठवडा काढला.

राहिली होती दोन, सौंदड आणि सालेकसा. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. शनिवारी जेवताना तिनं सांगितलं की उद्या कॉलेजात जायचं आहे, मशीन रविवारीच मोकळं मिळतं. सर नाहीत, बाहेरगावी गेले. पीयूष येणार आहे.

मी घास गिळला. पुढचं माझ्या डोक्यात आपोआप झालं. मी सौंदडचं काम आटोपून सालेकशाला जाणार, तिथून परतायला संध्याकाळ. तोवर ते दोघं बंद खोलीत. रविवारचं कॉलेज, शिपाईसुद्धा नसतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. चोरी तर अजून कोणीच केली नव्हती, तरी चांदणं मलाच पडलं होतं.

रविवारी ती सकाळच्या गाडीनं गेली. मी खुशालच्या दुकानी गेलो. खुशाल आमच्या गावचा मटणवाला. त्यानं तोवर एकच बकरा कापला होता. दुसरा कापायला तासभर लागेल म्हणाला. मी त्या एकाचं पोट घेऊन घरी आलो, अंगणात थाळी मांडली आणि वेचायला बसलो. नर निघाले एकोणतीस. सौंदडचे वीस घेतले की नऊ उरतात.

आणि मी विचार केला की नऊ आहेत, अकराच कमी आहेत. त्यात सालेकशाची बाटली भरली तर पुढच्या गाडीनं बारापर्यंत कॉलेजात पोचतो.

जंतानं काय फरक पडतो, असं मी मनाशी म्हणालो. सालेकशाची शेळी असो की सौंदडची, जंत तो जंत. शिवाय तिनंच सांगितलं होतं की तुकडा असला तरी चालतो. दाढीचं ब्लेड आणलं. अकरा जंत थाळीच्या कडेला एका ओळीत ठेवले आणि एकेकाचे मधोमध दोन तुकडे केले. तोंडाकडचा तुकडा एका बाटलीत, शेपटाकडचा दुसऱ्या बाटलीत. दोन्हीकडे नऊ अख्खे आणि अकरा तुकडे. वीस आणि वीस. इतकं नेटकं काम झालं की मला मनातून समाधान वाटलं. तोंडांच्या बाटलीत सालेकशाची चिठ्ठी टाकली, शेपटांच्या बाटलीत सौंदडची. दोन्हींवर माझं नाव.

बाराच्या सुमारास मी कॉलेजात पोचलो. दार सताड उघडं होतं. पीयूष एका टोकाला छोट्या-छोट्या नळ्यांत थेंब सोडत होता आणि मोठ्यानं आकडे म्हणत होता. चंद्रकांता दुसऱ्या टोकाला ते लिहून घेत होती. मध्ये आठ-दहा फुटांचं टेबल. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटला राग, की एवढ्यासाठी मी धावत आलो.

"इतक्या लवकर कसे जी?" चंद्रकांता उठली. "सालेकसा झाले?"

"झाले," मी म्हटलं. "काल संध्याकाळीच एकाशी बोलून ठेवलं होतं फोनवर. त्यानं पोटं आणून दिली गोंदियाच्या स्टेशनावर. तिथंच वेचले."

हे खोटं मी गाडीत तीन वेळा म्हणून पाहिलं होतं. तिला ते लगेच पटलं, कारण तिनं मला कधी खोटं बोलताना पकडलं नव्हतं. पीयूषनं बाटली उजेडात धरली.

"भैया, इस बार टूटे हुए बहुत हैं," तो म्हणाला. "घाईत वेचले काय?"

"थंडीत तुटतात," मी म्हटलं.

"असंल," तो म्हणाला आणि बाटल्या फ्रीजमध्ये ठेवल्या. तुटक्या जंतांच्या पोटात अंडी दिसली नाहीत म्हणून तेही त्यानं नरांत धरले. मी संध्याकाळपर्यंत तिथेच एका स्टुलावर बसून राहिलो. दोघं कामाचंच बोलत होते. त्या बोलण्यातला एकही शब्द मला कळत नव्हता आणि तेच जास्त लागत होतं. माझ्याशी ती भाजीचं बोलते, वीज गेल्याचं बोलते, आईच्या गुडघ्याचं बोलते. त्याच्याशी बोलताना तिचे हात हलतात.

हिवाळा गेला. एकेका जंताचा बारीकसा तुकडा घेऊन डीएनए काढला, उरलेला जंत परत बाटलीत ठेवला, मशीनमध्ये डीएनएच्या प्रती झाल्या, आणि मार्चमध्ये ठशांचे फोटो आले. काळ्या कागदावर उभ्या रांगा, प्रत्येक रांगेत आडवे पांढरे पट्टे. एक रांग म्हणजे एक जंत.

त्या दिवशी चंद्रकांता घरी आली ती चप्पल न काढताच ओट्यावर बसली. सालेकशाच्या वीसपैकी अकरा जंतांचे ठसे सौंदडच्या अकरा जंतांशी जुळत होते. थोडेफार नाही, पट्ट्याला पट्टा. एकच जंत दोन गावांत राहू शकत नाही. दुर्गाप्रसाद सर, म्हणजे तिचे गाइड, फोटो पाहून संतापले. त्यांनी सरळ निदान केलं की नळ्या भरताना घोटाळा झाला आहे, सौंदडचेच अकरा नमुने दोनदा भरले गेले. या दोन्ही गावांच्या नळ्या पीयूषनं भरल्या होत्या. सरांनी सगळ्यांसमोर त्याला सांगितलं की असल्या हाताचा माणूस मला प्रयोगशाळेत नको, उद्यापासून येऊ नकोस.

मी आत गेलो आणि माठातलं पाणी प्यालो. एक तांब्या पिऊन झाल्यावर कळलं की मी हसतो आहे. लपवून काय करू. मला आनंद झाला, उकळ्या फुटाव्यात असा. जो काटा दीड वर्ष सलत होता तो कोणी तिसऱ्यानंच काढून फेकला होता, आणि त्यात माझं नावही नाही.

बाहेर आलो तेव्हा ती तशीच बसली होती.

"पीयूष रडला जी," ती म्हणाली. "तो म्हणते, दीदी, मी नळ्या बरोबर भरल्या. मी आकडे लिहून राहिली होती, मले बी वाटते त्यानं बरोबरच भरल्या. मंग असं झालं कसं?"

मी बोलू शकत होतो. ती विचारत होती, घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि मी तिचा नवरा होतो. हीच वेळ होती, हे मला त्याच वेळी कळलं होतं.

"त्याचं लक्ष होतं कुठं कामात," मी म्हटलं. "त्यानंच केली असंल गडबड."

तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून डब्यातल्या जास्तीच्या पोळ्या बंद झाल्या. ती कमी बोलायला लागली. नावं मोजायला मी कान लावून बसायचो, पण आता मोजण्यासारखं काही नव्हतं. जूनमध्ये प्रबंध द्यायचा होता. सालेकशाचा आकडा नाही तर प्रबंध नाही, आणि पाऊस पडल्याशिवाय शेळीच्या पोटात जंत भरत नाहीत. म्हणजे वर्ष गेलं. ते मात्र मी हिशेबात धरलं नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी तलावाचं पाणी उतरलं आणि मासे काढायचा दिवस आला. आमच्याकडे ही रीत जुनी आहे. सगळ्या घरांचे लोक पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर जमतात, जाळं ओढतात, आणि निघालेल्या मासळीचे घराघराप्रमाणे वाटे घालतात. लहान मासे मुठीनं वाटतात. मोठा मासा एका वाट्याला गेला तर भांडण होतं, म्हणून तो मधोमध कापतात. डोक्याकडचा भाग एका वाट्यात, शेपटाकडचा शेजारच्या वाट्यात. पुढच्या वेळी उलटं. वाटे घालायचं काम आमच्या घराकडे असतं. आजोबा करायचे, बाबा करायचे, आता मी करतो. माझ्या वाट्यांवर आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही.

त्या दिवशी दुपारी मी विळा घेऊन बसलो होतो. समोर ताडपत्रीवर वाटे पडत होते, भोवती लोक उभे होते. चंद्रकांता दुपारच्या गाडीनं लवकर आली आणि घरी न जाता सरळ पाळीवर आली, पर्स खांद्यावर तशीच. मी मान वर करून हसलो. तिच्यासाठी एक चांगला रोहू बाजूला ठेवला होता.

एक मोठा मासा घेतला, मधोमध कापला. डोकं इकडे, शेपूट तिकडे. दुसरा घेतला. डोकं इकडे, शेपूट तिकडे.

ती पाहत होती. तिचा चेहरा हळूहळू बदलताना मी पाहिला, आणि का बदलतो आहे ते मला तिच्याबरोबरच कळलं.

"आज मी उरलेले जंत काढून पाहून राहिली होती," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. भोवतीच्या लोकांना वाटलं असेल, कॉलेजचं काही सांगते आहे. "सालेकशाच्या अकरा जंतांना शेपूट नाही जी. सौंदडच्या अकरा जंतांना तोंड नाही."

माझ्या हातातला विळा तिसऱ्या माशावर होता.

"गाडीत बसून मी विचार करत आली," ती म्हणाली, "की जंत असे कोण कापते. पीयूष तं मासा बी बाजारातून साफ करून आणते."

"चंद्रकांता," मी म्हटलं.

"वाटे घाला," ती म्हणाली. "लोक थांबले आहेत."

ती घरी गेली. मी उरलेले वाटे घातले. त्या दिवशी पहिल्यांदा एका म्हाताऱ्यानं बोट दाखवून म्हटलं, भोजराज, हा वाटा कमी पडला.

घरी तिनं एकच विचारलं, का. मी म्हटलं, तुम्ही दोघं एकटे होते म्हणून. तिला आधी समजलंच नाही. खरंच समजलं नाही, तिनं दोनदा विचारलं. मग ती भिंतीला टेकून खाली बसली.

"दीड वर्ष तुम्ही हे मनात घेऊन जेवून राहिले होते?" ती म्हणाली. "माह्या हातचं?"

मी होय म्हटलं.

"मी सगळ्यांना सांगत फिरली," ती म्हणाली, "माहा नवरा माह्यासाठी जंत वेचते."

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि भात टाकला. मी रोहू आणला होता. तो तिनं शेजारी देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गोंदियाला गेलो. जा म्हणून ती बोलली नाही, मीच तिच्या मागे गाडीत चढलो. दुर्गाप्रसाद सरांसमोर उभं राहून काय केलं ते सगळं सांगितलं, का केलं ते सोडून. बकरा एक, ब्लेड, थाळी, अकरा. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मीच बशीत आहे. मग त्यांनी पीयूषला फोन लावला. तो अर्ध्या तासात आला. दाढी वाढली होती. सर त्याला म्हणाले की चूक माझी झाली, आणि त्याचा हात हातात घेतला. तेही मला पाहावं लागलं.

बाहेर व्हरांड्यात पीयूष माझ्याजवळ आला. तो मारेल असं मला वाटलं. मारलं असतं तर मी परत मारलं असतं, आणि हिशेब कुठेतरी फिटला असता.

"भैया, एक बार बोल देते," तो म्हणाला. "तुम्हाला जमत नव्हतं तर मीच गेलो असतो दीदीसोबत."

त्याला काही माहीत नव्हतं. चंद्रकांतानंही त्याला कारण सांगितलं नव्हतं. तिनं माझी अब्रू त्याच्यापुढे झाकून ठेवली होती, आणि त्याच्या भोळ्या तोंडाकडे पाहून मला पुन्हा त्याचा हेवा वाटला. मनात काही न ठेवता हा माणूस माझ्या बायकोचं नाव घेऊ शकत होता.

खोट्या चिठ्ठीची बाटली मी मागितली. मिळाली नाही. नमुना फेकत नाहीत म्हणे, चुकीचा असला तरी चुकीचा म्हणून ठेवतात. ती अजून त्या फ्रीजमध्ये आहे. सालेकसा, जमा करणार भोजराज. पेन्सिलीचं आहे, उडायचं नाही.

आखाड लागला तेव्हा पाऊस चांगला झाला होता. श्रावण लागायच्या आधी गावोगाव बकरे कापले जातात, जंत भरपूर मिळतात. त्या रविवारी पहाटे मी चंद्रकांताला मोटारसायकलवरून सौंदड स्टेशनावर सोडलं. बर्फाचा डबा, चिमटे, रिकाम्या बाटल्या सगळं मीच बांधून दिलं होतं. एवढ्या महिन्यांत ती माझ्याशी भांडली नव्हती. वेळेवर जेवायला वाढायची, विचारलेल्याचं उत्तर द्यायची. फक्त संध्याकाळच्या चहाला कॉलेजचं काही सांगायची नाही. पीयूषचं नावही घेत नव्हती. मला मोजता येऊ नये म्हणून घेत नव्हती.

गाडीला वेळ होता. बाकावर बसून तिनं मांडीवर वही ठेवली आणि पेन्सिलीनं चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. गाव सालेकसा. तारीख. शेळी किती, जंत किती, त्या जागा कोऱ्या. शेवटच्या ओळीशी तिची पेन्सिल थांबली नाही. मला उलटं वाचता येतं. जमा करणार: चंद्रकांता, पीयूष.

"मी येऊ काय?" मी म्हटलं. "जंताले हात नाही लावत. नुसता डबा धरीन."

तिनं चिठ्ठीची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"तुम्ही आले तं मले सगळं दोन-दोनदा मोजा लागंल जी," ती म्हणाली.

गाडी आली. ती चढली, मी डबा वर दिला, तिनं तो धरला. डब्याखाली जेवणाचं पुडकं होतं. माझ्या हाताला ते जड लागलं. पोळ्या जास्त होत्या.

गोंदियाला गाडी बदलायची होती आणि तिथे पीयूष येणार होता. जाताना दोघं, दिवसभर दोघं, येताना दोघं. हे होऊ नये म्हणून तर मी अकरा जंत कापले होते.